केसपेपर भरतोच की, मग वेगळी वही कशाला?

ओपीडीनंतर:
तालुक्याच्या गावी माझा छोटा दवाखाना आहे. गेली चार वर्षं रोज रात्री एक पान लिहितो. माझं ठाम मत झालंय की डॉक्टरने रोज लिहायलाच हवं, आणि तेही केसपेपरबाहेर. केसपेपरवर आपण काय केलं ते येतं. आपल्याला काय वाटलं होतं आणि काय बघायचं राहिलं, ते येत नाही.

गेल्या भातकापणीतली माझी नोंद: "बाई, चाळिशीतली, कापणीला जाते. तापाचा सहावा दिवस, डोकं फार दुखतं. मलेरिया, डेंगी निगेटिव्ह. प्लेटलेट 90 हजार. व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. काख, जांघ पाहिली नाही."

शेवटचं वाक्य लिहिलं आणि अस्वस्थ झालो. मागची पानं उलटली, तर दहा दिवसांत त्याच वाडीतले आणखी दोन ताप सापडले. सकाळी बाईंना परत बोलावलं. काखेत सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली. स्क्रब टायफस! झाडाझुडपांतला बारीक किडा चावून येणारा ताप, चावल्या जागी अशी खपली पडते. डॉक्सिसायक्लीन या अँटिबायोटिकवर दोन दिवसांत ताप उतरला. बाकीच्या दोघांनाही निरोप धाडला. केसपेपरवर तिघांच्याही नावापुढे नुसतं 'ताप' होतं.

डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण तर आपल्या घरचंच. 1976 मध्ये ते रायगडातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं तिथे डोळ्यांदेखत जात. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, नाडी, बीपी, सगळं ते टिपत राहिले. 1982 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आलं.

टाका_दोरा:
डॉक्टर, तुमची तळमळ पटते, निष्कर्ष पटत नाही. मी तीस वर्षं सर्जरी करतोय. हात वहीत तयार होत नाही, टेबलावर होतो. माझ्या सरांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नसेल, पण पोटावर हात ठेवून ते जे सांगत ते सोनोग्राफीत निघायचं. आणि बावस्करांचं म्हणाल, तर ते रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसले, ही खरी गोष्ट. तुम्ही श्रेय लिहिण्याला देताय. आजची पोरं पेशंटपाशी पाच मिनिटं थांबत नाहीत. त्यांच्या हातात वही दिलीत तर ती वहीतच बघतील.

ओपीडीनंतर:
सर, उशाशी बसण्याला पर्याय नाहीच. पण शंभर रात्री बसलेल्या माणसाला पहिल्या आणि साठाव्या पेशंटची नाडी शेजारी शेजारी ठेवून बघायची असेल, तर ती कागदावरच सापडणार ना? आठवण फसवते. रोगाचं निदान कळलं की आपल्याला वाटतं, मनात आधीपासून तेच होतं. माझी वही सांगते, नव्हतं. सरांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण ते गेल्यावर तो हात कुणाला मिळाला?

टाका_दोरा:
मला मिळाला. बारा वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहिलो म्हणून.

टर्नर_भोसरी:
मी डॉक्टर नाही, मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे ब्रेकडाउन रजिस्टर असतं. त्यात 'बेअरिंग बदललं' एवढंच. का गेलं, ते कोणी लिहीत नाही. मी स्वतःच्या डायरीत लिहायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की एकाच मशीनचं बेअरिंग दर पावसाळ्यात जातंय. वरून पत्रा गळत होता. धागा वाचून राहवलं नाही.

रात्रपाळी:
मी स्टाफ नर्स. लिहिण्याचं कौतुक वाचताना त्रास झाला, म्हणून स्पष्ट बोलते. आमची निम्मी ड्यूटी लिहिण्यातच जाते. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, इनटेक-आउटपुट, औषधांचं रजिस्टर, पाळी बदलताना भरायचं हँडओव्हर बुक. चाळीस पेशंटना आम्ही दोघी. सलाईन संपलं म्हणून नातेवाईक हाका मारतात आणि मी रकाने भरत असते. त्यावर घरी जाऊन आणखी एक पान? घरी मुलं असतात, स्वयंपाक असतो. डॉक्टरांना रात्रीचा तास मिळतो, कारण त्यांच्या घरचं कोणीतरी दुसरं बघतं. आणि बघितलेलं आमच्याकडेही खूप असतं, डॉक्टर. पहाटे चारला कोणता पेशंट बिघडणार, ते चेहऱ्यावरून कळतं. विचारतं कोण?

गावठाण:
वहीत नाव-गाव नको, एवढं पाळा. छोट्या गावात वाडी आणि वय लिहिलं तरी माणूस ओळखू येतो.

ओपीडीनंतर:
गावठाण, बरोबर. ही नोंद इथे टाकण्याआधी वाडीचं नाव काढलं आणि बाईंना विचारून घेतलं.

सर, शेजारी उभं राहण्यावर आपलं जमणार नाही बहुतेक. बारा वर्षं उभं राहायला सगळ्यांना सर मिळत नाहीत. मला नाही मिळाले.

ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ बसून होतो. रात्रीचा तास मला बायकोमुळे मिळतो, हे खरं आहे, आणि मी ते लिहायला हवं होतं. आठवड्यातून दोन दिवस मी इथल्या ग्रामीण रुग्णालयात जातो. येत्या सोमवारी सकाळच्या हँडओव्हरला पाऊण तास आधी पोचेन. तिथल्या सिस्टरना विचारेन, पहाटे चारला काय दिसलं. त्यांनी फक्त सांगायचं, लिहीन मी.