अनुभव धागा: अडलेला कागद कसा हलला?

सरकारी कार्यालयांविषयी आपण सगळेच बोलतो, पण ते बोलणे बहुतेक वेळा संतापापाशी थांबते. या धाग्यात त्यापुढे जावे, अशी विनंती आहे. आपला कागद नेमका कोणत्या टेबलावर अडला, का अडला आणि कायद्यातल्या किंवा कार्यालयीन पद्धतीतल्या कोणत्या तरतुदीमुळे तो हलला, किंवा तरीही हलला नाही, हे सविस्तर लिहावे. कार्यालयांची आणि व्यक्तींची नावे टाळावीत. पदनाम कळले तरी पुरे. सुरुवात माझ्यापासून करतो.

वडिलांच्या निधनानंतर वारसनोंदीसाठी सातबारा काढला, तेव्हा गटाचे क्षेत्र १ हेक्टर ४२ आरऐवजी ० हेक्टर ४२ आर असे छापलेले दिसले. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर ते बरोबर होते. संगणकावर नोंद घेताना आकडा चुकला होता. अशा लेखनप्रमादाची दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली होते. मी अर्ज घेऊन गेलो, कारकुनांनी "ठेवा, बघतो" म्हटले आणि मी पोच न घेता परतलो. तीन महिन्यांनी गेलो तेव्हा अर्जाचा मागमूस नव्हता आणि तो दिला होता हे दाखवायला माझ्याजवळ काहीही नव्हते.

दुसरा अर्ज आवक शाखेत दिला आणि दुय्यम प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतला. दीड महिना वाट पाहून, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला. त्यात "काम का केले नाही" असे विचारले नाही, कारण कारणे विचारली की "ही माहिती अभिलेखात उपलब्ध नाही" असे उत्तर येते. अमुक आवक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या पदनामाच्या कर्मचाऱ्याकडे होता, एवढेच विचारले आणि संचिका पाहण्याची परवानगी मागितली. संचिका उघडली तेव्हा टिपणीवर "तलाठी यांचा अहवाल मागवावा" असा शेरा होता, त्याखाली सही होती आणि तलाठ्यांच्या नावाचे टंकलिखित पत्रही तिथेच लावलेले होते. पत्रावर जावक क्रमांक नव्हता. म्हणजे पत्र तयार झाले, त्यावर सही झाली आणि ते कार्यालयाबाहेर गेलेच नाही. मी बोट ठेवून दाखवले, तेव्हा त्याच दुपारी त्याला क्रमांक पडला. दहा दिवसांत अहवाल आला आणि पुढच्या महिन्यात आदेश झाला. कोणी मुद्दाम अडवले होते, असे मला आजही वाटत नाही. ती संचिका पुन्हा उघडण्याचे कारणच कोणापुढे आले नव्हते.

निवृत्त अव्वल कारकून, महसूल विभाग

पत्र जावक न होता संचिकेत राहिले, याचे मला आश्चर्य वाटले नाही. वाईट मात्र वाटले. हे होऊ नये म्हणूनच आमच्याकडे सहा गठ्ठा पद्धत आहे. बैठ्यावरची म्हणजे हातातली चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे निकाली कागद आणि नष्ट करायचे 'ड' वर्गातील कागद, असे प्रत्येक संकलनाचे, म्हणजे एका कारकुनाकडच्या कामाच्या टेबलाचे, सहा गठ्ठे असतात. यातला कळीचा गठ्ठा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. कोणाला तरी पत्र लिहून आपण उत्तराची वाट पाहत असलो की प्रकरण त्यात जाते आणि ठरावीक दिवसांनी तो गठ्ठा उघडून स्मरणपत्रे काढायची असतात. अडलेली बहुतेक प्रकरणे मला इथेच सापडली, कारण कागद तिथे ठेवला की तो आपल्याकडे प्रलंबित नाही, समोरच्याकडे आहे, असे म्हणता येते.

यावर खरा वचक दप्तर तपासणीचा. मी नोकरीला लागलो तेव्हाचे आमचे रावसाहेब महिनाअखेरीस आवक नोंदवही मागवत, त्यातले कोणतेही पाच क्रमांक निवडत आणि ते कागद समोर ठेवायला सांगत. कार्यविवरण नोंदवहीच्या, म्हणजे कारकुनाकडे आलेल्या व निकाली निघालेल्या कागदांच्या वहीच्या, गोषवाऱ्यात शिल्लक प्रकरणांची संख्या नीटनेटकी मांडता येते, पण हे पाच कागद शोधून द्यावेच लागत, आणि उद्या कोणता क्रमांक निघेल हे ठाऊक नसल्याने आम्ही सगळेच क्रमांक जागेवर ठेवत असू. पुढे बैठका आणि दूरदृश्य परिषदा वाढल्या, एकेका कारकुनाकडे दोन-दोन संकलने आली आणि ही तपासणी मागे पडली. बदल्यांचे विनियमन व विलंब प्रतिबंधाच्या २००५ च्या अधिनियमात, म्हणजे ज्याला लोक दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात त्यात, सर्वसाधारणपणे कोणतीही संचिका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे कलम १० सांगते. ते चांगले आहे. परंतु सात दिवस मोजणारा अधिकारी दप्तर उघडत नसेल, तर ते मोजणार कोण, हा प्रश्न मी निवृत्त होईपर्यंत विचारत राहिलो.

विद्यार्थिनी, मराठवाडा

नॉन क्रीमिलेअर प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज केला होता आणि पावतीवर सेवा मिळण्याची अंतिम तारीख छापलेली होती. ती उलटली, तेव्हा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली प्रथम अपील करता येते, हे मला वर्गातल्या मैत्रिणीने सांगितले. अपील केल्यावर प्रमाणपत्र चार दिवसांत आले. तेव्हा प्रवेशाची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते.

शिक्षकाच्या पत्नी, विदर्भ

माझे यजमान सेवेत असतानाच गेले. कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव महालेखापाल कार्यालयातून त्रुटी लावून दोनदा परत आला, कारण सेवापुस्तकात एका वेतननिश्चितीवर पडताळणी पथकाचा शिक्का नव्हता. ज्या वर्षी तो लागायला हवा होता, तेव्हा सेवापुस्तक शाळेच्या कपाटात होते. त्याची शिक्षा वीस वर्षांनी मला झाली. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर आले नाही आणि प्रथम अपिलाचीही सुनावणी झाली नाही, म्हणून नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील केले. अर्जाला ३० दिवस आणि प्रथम अपिलाला जास्तीत जास्त ४५ दिवस, अशी मुदत कायद्यात आहे. आयोगाने द्वितीय अपील किती दिवसांत निकाली काढावे, याला मात्र मुदतच नाही. माझी सुनावणी दीड वर्षाने लागली, तोवर पेन्शन सुरू झालेली होती. ती सुरू झाली एका वरिष्ठ लिपिकामुळे. त्यांनी सेवापुस्तक स्वतः पथकाकडे नेले आणि शिक्का मारून आणला. हे काम कायद्याने करून घ्यायला हवे होते, भल्या माणसाच्या भरवशावर ते राहायला नको होते, असे मला मनापासून वाटते. त्या लिपिकांची मी ऋणी आहे, तरीही वाटते.

नगररचना क्षेत्रातील अभियंता

२०१८ च्या शासन परिपत्रकानंतर जिल्हा व स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. आमच्या शहरात मी दोन गल्ल्यांच्या काँक्रीटीकरणाची मोजमाप पुस्तिका पाहिली. दोन्ही गल्ल्यांची लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरपर्यंत तंतोतंत सारखी नोंदलेली होती. मी टेप घेऊन स्वतः मोजले, तर एक गल्ली अकरा मीटरने लहान निघाली. लेखी तक्रार दिली, पोच घेतली आणि फेरमोजणी होईपर्यंत ठेकेदाराचे अंतिम देयक थांबले. या सोमवारच्या वेळेचा फलक त्या कार्यालयात दर्शनी भागात नव्हता. विचारल्यावर सांगितले गेले.

शेतमजूर महिला, मुलीने लिहून दिलेले

आम्ही रोजगार हमीवर बांधाचे काम केले होते. ग्रामसभेत सामाजिक अंकेक्षणाच्या, म्हणजे गावासमोर कामाचे कागद तपासण्याच्या, वेळी हजेरीपट मोठ्याने वाचला गेला, तेव्हा आईच्या नावापुढे बाराऐवजी सहा दिवस निघाले. आई उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, माझ्या शेजारी हिचा अंगठा उमटला ना, मग हिचे बारा आणि माझे सहा कसे?" शेजारणीनेही तेच सांगितले आणि ते इतिवृत्तात लिहून घेतले गेले. उरलेले पैसे पुढच्या महिन्यात खात्यात आले. कागद खोलीत बसून वाचला असता तर ते आम्हाला कधीच कळले नसते, असे आई म्हणते.

निवृत्त अव्वल कारकून, पुन्हा

कारकून पोच द्यायला का टाळतात, असे एकांनी मला विचारले आहे. टेबलावर परस्पर दिलेला कागद आवक नोंदवहीत चढत नाही, त्यामुळे तो कोणत्याही गोषवाऱ्यात शिल्लक म्हणून दिसत नाही. एकदा क्रमांक पडला की त्याचा निपटारा दाखवावा लागतो किंवा तो शिल्लक तरी मोजावा लागतो. म्हणून अर्ज ओळखीच्या टेबलावर देऊ नये, आवक शाखेतच द्यावा. तिथला माणूस जागेवर नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवावा आणि टपालाची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवावी.