मदत हवी आहे: चार शनिवार गेले, हायलँड्सच्या तळ्यांवर एकही ट्राउट लागला नाही

खाडीकाठचा
नमस्कार. कामानिमित्त मी डिसेंबरपासून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसला राहतो. चार शनिवार मिळून साधारण तीस तास मी तळ्यावर घालवले, परंतु एकही ट्राउट मासा गरीला लागला नाही. सामान उत्तम आहे आणि गरवणे मला लहानपणापासून येते, त्यामुळे "आधी नीट शिकून घ्या" हा सल्ला कृपया देऊ नये. येत्या शनिवारी आई-बाबा रत्नागिरीहून इकडे येत आहेत. ज्यांनी मला भाट्याच्या खाडीवर गरवायला शिकवले, त्यांच्यासमोर रिकाम्या हाताने उभे राहण्याची माझी इच्छा नाही. कोणती माशी (म्हणजे पिसांचे, किड्यासारखे दिसणारे बनावट आमिष) बांधावी, एवढेच सांगावे.

पवनाकाठ
माशीबिशीच्या नादाला लागू नका. कणीक घट्ट मळून तिच्यात चांगला वासाचा हिंग घाला, बोराएवढा गोळा गरीला लावा आणि स्वस्थ बसा. पवनेत या गोळ्याने मला कधीही निराश केलेले नाही. मासा इथून तिथून सारखाच असतो.

लीड्सकर
सर्वांत आधी, आपण रॉड लायसन्स, म्हणजे गळाने मासे धरण्याचा सरकारी परवाना, काढला आहे का? तो नसेल तर दंड होतो. शिवाय १५ मार्च ते १५ जून हा काळ नद्यांवर बंदीचा असतो. आपण नेमके कोणत्या महिन्यात गेला होता, याचा उल्लेख प्रश्नात नाही.

उत्तरवारा
लीड्सकर, आपण सांगितलेले दोन्ही नियम इंग्लंडचे आहेत आणि बंदीचा तो काळही तिथल्या नद्यांतील कोर्स माशांसाठी, म्हणजे ट्राउट-सामन वगळून उरलेल्या गोड्या पाण्यातील माशांसाठी आहे. स्कॉटलंडमध्ये सीमेवरील एस्क नदीचा अपवाद सोडला तर सरकारी रॉड लायसन्स नावाची गोष्टच नाही; तिथे पाण्याच्या मालकाची किंवा स्थानिक संस्थेची परवानगी लागते. ब्राउन ट्राउटचा हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर असतो. पाइक, पर्च यांसारख्या कोर्स माशांना बंदीचा काळ नाही, मात्र जिवंत मासा आमिष म्हणून लावण्यास मनाई आहे. रविवारी सामन धरता येत नाही. ट्राउटला कायद्याने रविवारची आडकाठी नसली तरी काही ठिकाणी परवान्यावरच तशी अट घातलेली असते.

पवनाकाठ, हिंगाचा गोळा पवनेत चालतच असेल, परंतु हायलँड्समधील बहुतेक डोंगरतळ्यांच्या परवान्यावर "फक्त माशी" असे स्पष्ट लिहिलेले असते.

खाडीकाठचा, मी अकरा वर्षे ॲबर्डीनमध्ये आहे आणि दर उन्हाळ्यात उत्तरेला जाते. आपण कोणत्या तळ्यावर गेला होता, कोणत्या तारखांना, काठावरून की होडीतून, हे कळल्याशिवाय माशीचे नाव सांगणे म्हणजे रोगी न पाहता औषध देण्यासारखे होईल.

खाडीकाठचा
परवाना काढलेला आहे, ते उघडच आहे. तळी लॉखइन्व्हर गावाच्या उत्तरेची आहेत. गेलो काठावरूनच. मार्चअखेरीस दोनदा आणि मे महिन्यात दोनदा. आता माशी सांगावी.

लोखंडी_तार
आपण मुळात चुकीच्या माशामागे लागला आहात. लॉख ऑ या तळ्यावर जावे, तारेचा ट्रेस (गरीलगतचा दोरीचा तुकडा) लावावा आणि पाइक धरावा. पाइकचे दात साधा तंगूस (नायलॉनचा दोरा) कचकन कापतात, त्यामुळे तार हवीच. एक पाइक लागला की पाव किलोच्या ट्राउटची आठवणही होणार नाही.

उत्तरवारा
लोखंडी_तार, त्याच लॉख ऑमध्ये २००२ साली ३१ पौंड १२ औंसांचा ब्राउन ट्राउट निघाला होता, म्हणून ट्राउटला इतके कमी लेखू नये. अर्थात तो फेरॉक्स जातीचा, खोल पाण्यात राहून 'आर्क्टिक चार' नावाच्या माशासारखे मासे खाऊन वाढलेला होता, काठावरच्या माशीला लागणारा नव्हे. शिवाय इन्व्हर्नेसहून तिकडे जाण्यातच अर्धा दिवस मोडेल.

खाडीकाठचा, मार्चचे दोन शनिवार हिशेबातून वगळा. ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतात, हिवाळ्यात खंगतात, आणि मार्चमध्ये तिकडचे पाणी इतके गार असते की ते वर यायला तयार नसतात. मेमधील दोन दिवसांविषयी मात्र नीट सांगा. वारा कोणत्या बाजूने होता? माशीला बांधलेला तंगूस किती लांब होता? पाण्यात कितपत आत उभे होता? माशीचा आकार काय होता?

पवनाकाठ
एवढ्या चौकशा तर मुलगी बघायला आलेले पाहुणेही करत नाहीत. काश्मीरमध्ये लिद्दर नदीवर मी स्वतः ट्राउट धरला आहे. इंग्रजांनी तो तिथे १९०० च्या सुमारास नेऊन सोडला. तिथे माझ्याबरोबरच्या स्थानिक माणसाने यातले काहीही विचारले नाही.

उत्तरवारा
कारण तो माणूस आपल्या शेजारी उभा होता, त्याला सगळे दिसत होते.

चुलीपाशी
ट्राउटची त्वचा काढू नये. हळद, मीठ व आगळ लावून अर्धा तास ठेवावा, मग रव्यात घोळवून तव्यावर मंद आचेवर परतावा. मसाला बेताचा घालावा, कारण या माशाची चव बांगड्यासारखी ठसठशीत नसते.

खाडीकाठचा
चुलीपाशी, मासा लागला तर ना!

उत्तरवारा ताई, विचारलेच आहे तर सांगतो. वारा पाठीवर घेऊन उभा राहत होतो, कारण त्यामुळे दोरी लांब जाते. मांडीपर्यंत पाण्यात जात होतो आणि सहज वीस-बावीस मीटर फेक करत होतो. फेकीविषयी माझी तक्रार नाही. तंगूस तीन फूट, बारा पौंडांचा. माशी आठ नंबरची, केशरी-पांढरी, पिसांचा झुपका असलेली. इंग्लंडमधील एका दुकानदाराने "हिला सगळे ट्राउट लागतात" असे सांगून दिली होती.

उत्तरवारा
आता उलगडा झाला. जिथे मासे आहेत तिथे आपण उभे होता आणि जिथे नाहीत तिथे माशी फेकत होता.

पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, जमिनीतील तळ्यांचे पाणी चहासारखे तांबूस आणि आम्लधर्मी असते व त्यात अन्न कमी असते. जे काही असते ते काठच्या उथळ भागात असते, कारण तिथे तळापर्यंत ऊन पोहोचते, पाणवनस्पती वाढतात, दगडांखाली अळ्या राहतात आणि हेदरच्या झुडपांतील किडे वाऱ्याने पाण्यात पडतात. ट्राउट म्हणूनच काठापासून तीन-चार मीटरांत फिरतो. मांडीभर पाण्यात शिरताना आपण त्याला हाकलून दिले आणि मग बावीस मीटरांवरच्या ओसाड खोल पाण्यात माशी पाठवली.

केशरी झुपका हा तळ्यात बाहेरून आणून सोडलेल्या रेनबो ट्राउटसाठी असतो. इथे बारा किंवा चौदा नंबरची, म्हणजे आठपेक्षा लहान, काळपट माशी पुरे: ब्लॅक पेनेल, केट मॅक्लॅरन किंवा बिबिओ. तंगूस नऊ-दहा फूट लांब आणि चार-पाच पौंडांचा ठेवा, म्हणजे जाड दोरीचा आवाज माशाच्या डोक्यावर होणार नाही. पहिल्या काही फेकी पाण्यापासून दोन पावले मागे, गवतात उभे राहून, काठाला समांतर टाका. वारा पूर्ण पाठीवर घेतला तर समोर संथ पट्टा तयार होतो आणि त्यात माशाला आपण दिसतो. वारा खांद्यावरून तिरपा येईल आणि पाण्यावर लहरी उठलेल्या असतील अशी जागा निवडा. दोन फेकी टाकून चार पावले पुढे सरका, एका जागी खुंटा होऊन उभे राहू नका. ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथे आणि पाण्यात घुसलेल्या खडकाळ टोकांवर जास्त वेळ द्या. फेक संपताना माशी लगेच उचलू नका. काठी हळूहळू वर करत ती पृष्ठभागावरून ओढा, कारण पाठलाग करणारा मासा पुष्कळदा त्याच क्षणी झडप घालतो.

जाता जाता सांगते, हीच रीत डरनेसच्या चुनखडीतील तळ्यांवर तशीच चालेल असे समजू नये. तिथले पाणी आरशासारखे स्वच्छ, अन्न भरपूर आणि मासे मोठे पण महाचतुर.

लीड्सकर
बाबांसमोर फजिती नको असेल तर पैसे भरून रेनबो सोडलेल्या तळ्यावर न्यावे. मासा मिळण्याची खात्री असते.

लोखंडी_तार
मग मंडईत का नेऊ नये? तिथेही खात्री असते.

खाडीकाठचा
बुधवारी कामावरून थेट गेलो. इकडे मेमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, हे बरे आहे. दहा फुटी तंगूस आणि चौदा नंबरची ब्लॅक पेनेल घेऊन गवतात गुडघे टेकून बसलो, म्हणजे माझ्या दृष्टीने बालवाडीत परत गेलो. चौथ्या फेकीला, ओढ्याच्या तोंडापाशी, काठापासून हातभर अंतरावर पाणी फुगले आणि दोरी ताणली गेली. वीतभर मासा निघाला: पोट लोण्यासारखे पिवळे, अंगावर काळे ठिपके आणि मधूनमधून लाल, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडे. ओल्या हाताने धरून गरी सोडवली आणि त्याला परत सोडले. त्यानंतर आणखी दोन लागले आणि तीन निसटले. मी पहिल्या पोस्टमध्ये जरा ताठ्याने लिहिले होते, त्याबद्दल क्षमस्व. त्या दुकानदाराच्या माशीचे काय करावे?

पवनाकाठ
हिंग लावून पाहा.

उत्तरवारा
अभिनंदन. शनिवारी वारा पडला तर मिज नावाची बारीक चिलटे त्रास देऊ शकतात, म्हणून आई-बाबांसाठी डोक्यावरून घ्यायच्या जाळ्या बरोबर ठेवा.

खाडीकाठचा
अवश्य. एक शेवटची शंका: काठी एकच असेल आणि बाबा व मी आळीपाळीने टाकणार असू, तर परवाना एक चालेल का?

उत्तरवारा
परवाना बहुधा माणसागणिक असतो, म्हणून दोन घ्या आणि दुसरी काठीही घ्या. त्या भागातील बरीच जमीन तिथल्या क्रॉफ्टरांनी, म्हणजे आपल्याकडच्या कुळांसारख्या लहान शेतकऱ्यांनी, १९९३ साली एकत्र येऊन स्वतः विकत घेतली आणि तिथल्या ट्राउटचे परवाने त्यांचा ट्रस्टच देतो. तुमची तळी त्यांच्या हद्दीत असतील तर ते पैसे त्यांच्याकडेच जातील. बाबांना आधी ओढ्याच्या तोंडापाशी उभे करा.