अनुभव धागा: सायकलची सीट बदलताना काय मोजायचं, काय घ्यायचं, कुठे फसतं

मूळ सीट टोचते म्हणून दुकानात गेलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "जेलवाली घ्या, गादीसारखी आहे." हा धागा त्या सल्ल्याच्या पुढचा आहे. रुंदी, क्लॅम्प (सीट आवळून धरणारी पकड), सीटखालच्या पाइपचा व्यास, उंची, उतार, पावसाळा, यांतलं ज्याला जे नेमकं ठाऊक असेल त्यानं ते लिहावं. फक्त "अमुक सीट मस्त आहे" एवढ्यावर थांबू नका. सायकल कोणती, हँडलवर किती वाकता आणि एका बैठकीत किती अंतर कापता, हे सोबत नसेल तर ती शिफारस दुसऱ्याच्या उपयोगाची नाही. खाली प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

पुठ्ठा-पट्टी

सुरुवात मापापासून. आपण बसतो ते ओटीपोटाच्या खालच्या दोन हाडांवर. त्यांच्यातलं अंतर बहुतेकांचं १०० ते १४० मिलिमीटरच्या दरम्यान असतं. माणूस जाड की बारीक याच्याशी या अंतराचा फारसा संबंध नाही, त्यामुळे वजन बघून रुंद सीट देणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका.

घरी मोजायला खोक्याचा नालीदार पुठ्ठा आणि गादी नसलेलं कडक स्टूल पुरतं. पातळ कपड्यात पुठ्ठ्यावर बसा. पायांखाली पाट ठेवा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा किंचित वर येतील. सायकलवर जितकं वाकता तितकंच पुढे वाका आणि स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरून स्वतःला मिनिटभर खाली दाबा. उठल्यावर पुठ्ठ्यावरून खडू आडवा घासला की दोन खळगे स्पष्ट दिसतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. दोन-तीन वेळा करा. दर वेळी १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक येत असेल तर तुम्ही वाकडे बसता आहात.

आता त्यात भर घालायची. खाली वळलेल्या हँडलची रोड सायकल असेल तर २० ते २५ मिलिमीटर, सरळ दांडीची हायब्रिड असेल तर ३० च्या आसपास, पाठ ताठ ठेवून चालवायची सायकल असेल तर ४० किंवा त्याहून जास्त. ११८ मिलिमीटर माप आलं तर हायब्रिडवर १५० ची सीट बघायची. वाकल्यावर सीट अरुंद का चालते? कंबर पुढे कलते आणि भार हाडांच्या पुढच्या भागावर येतो, जिथे ती एकमेकांजवळ येत जातात.

खोक्यावर छापलेली रुंदी कडेपासून कडेपर्यंतची असते. कडा गोल उतरत्या असतील तर हाडांना टेकायला सपाट जागा बरीच कमी उरते. शक्य असेल तर सीट हातात घेऊन, वरून तळवा दाबून बघा.

तेरा-चौदा पाना

माप बरोबर, सीट उत्तम, आणि घरी आल्यावर ती बसतच नाही, हे फार होतं. बाजारात दोन पद्धती आहेत.

काळ्या सायकली, लेडीज सायकली आणि स्वस्त गिअरवाल्या सायकलींना वर निमुळता होणारा साधा पाइप असतो. त्याचं टोक बहुधा २२.२ मिलिमीटरचं. सीटला स्वतःचा लोखंडी क्लॅम्प असतो, दोन बाजूंना नट, १३ किंवा १४ नंबरचा पाना. दुसऱ्या पद्धतीत पाइपच्या डोक्यालाच क्लॅम्प असतो आणि सीटखाली नुसत्या दोन सळया, म्हणजे रेल. त्या ७ मिलिमीटर गोल असतात. कार्बनच्या रेल अंडाकृती, ७ बाय ९ च्या असतात. साध्या क्लॅम्पमध्ये त्या चिरडतात, तेव्हा आधी क्लॅम्प बघा. नव्या सीटसोबत क्लॅम्प आला नसेल आणि तुमचा पाइप साधा असेल तर क्लॅम्प वेगळा घ्या, महाग नसतो.

पाइपच बदलायचा असेल तर व्यास अंदाजानं सांगू नका. २५.४, २७.२, २८.६, ३०.९, ३१.६ असे आकडे पाइपवर खालच्या टोकाशी कोरलेले असतात. ०.२ मिलिमीटरनं बारीक पाइपही बोल्ट कितीही आवळला तरी हळूहळू खाली सरकतो.

जुनी सीट काढण्याआधी दोन मापं लिहून ठेवा: क्रँकच्या आसाच्या (ज्याभोवती पॅडलचे दोन्ही दांडे फिरतात त्याच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं आणि सीटपासून हँडलपर्यंतचं. नवी सीट जाडीला दोन सेंटिमीटर कमी-जास्त निघते आणि लोक गुडघेदुखीचं खापर सीटवर फोडतात. दुसरं माप सीटच्या टोकापासून घेऊ नका, कारण नव्या सीटची लांबी वेगळी असते. जिथे सीट ८० मिलिमीटर रुंद होते तिथे खडूची रेघ मारा आणि तिथून मोजा.

सीट बसता बसता मागे-पुढे डोलायला लागली तर क्लॅम्पचे दाते झिजलेत. नट आणखी आवळून उपयोग नाही, त्यानं आटे जातात. क्लॅम्प बदला.

ओळंबा

सीट नवी घेण्याआधी आहे तीच नीट लावून बघा, असं मी आग्रहानं सांगेन. निम्म्या तक्रारी उंचीच्या आणि उताराच्या असतात.

उंची: भिंतीला पाठ लावून उभं राहा, जाड पुस्तक पायांच्या मधे वर घट्ट दाबा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ नं गुणा. ८० सेंटिमीटर आलं तर ७०.६. क्रँकच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, पाइपच्या रेषेत, एवढं अंतर ठेवून सुरुवात करा. पडताळा सोपा आहे: टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वांत खाली नेलं की पाय सरळ व्हावा, पण कंबर कलू नये. मागून कोणाला तरी बघायला सांगा. कंबर डावी-उजवी हलत असेल तर सीट उंच आहे आणि घासून त्वचा सोलटणार.

उतार: सीटवर लांब पट्टी आणि तिच्यावर लेव्हल (पाणसळ) ठेवा. आधी सपाट. पुढे बधिरपणा येत असेल तर सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, १ अंश खाली, फार तर ३. त्याहून खाली नेलं की माणूस पुढे घसरतो, हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो आणि मनगटं, खांदे दुखायला लागतात.

पुढे-मागे: पॅडल आडवं असताना पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा. दोरी पॅडलच्या आसाजवळून जावी. हा नियम अंतिम नाही, सुरुवातीची खूण आहे. पुढे ठरवायचं गुडघ्यानं: समोरून दुखत असेल तर सीट बहुधा खाली किंवा फार पुढे, मागून दुखत असेल तर उंच किंवा फार मागे.

एका वेळी एकच गोष्ट बदला. उंची ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका आणि दोन-तीन फेऱ्या तशाच करा. तिन्ही एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

रेक्झीन

जेलच्या कव्हरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मऊ थर हाडांखाली दबतो आणि दबलेला माल जातो कुठे? मधे वर येतो, नेमका जिथे नसा आणि रक्तवाहिन्या आहेत तिथे. पहिली पंधरा मिनिटं छान वाटतं, तासाभरानं मुंग्या. शिवाय नुसत्या दोरीनं बांधलेलं कव्हर पॅडल मारताना सरकतं आणि मांडीच्या आतल्या बाजूला वळी पडते. पाच-सात किलोमीटरच्या ताठ बसून केलेल्या फेऱ्यांना ते चालेल. घ्यायचंच तर ओढून बसवायची दोरी आणि मागे हूक असलेलं घ्या, आणि त्याच्या जाडीइतकी सीट खाली करा. हे शेवटचं कोणीच करत नाही.

सोनटक्का

"लेडीज सीट" या लेबलावर जाऊ नका, मैत्रिणींनो. बायकांमध्ये हाडांतलं अंतर सरासरीनं जास्त असतं हे खरं, पण आपलं स्वतःचं माप सरासरीपेक्षा वेगळं असू शकतं. वर पुठ्ठ्याचं लिहिलंय ते करा, मग निवडा.

बायकांची तक्रार बहुतेक वेळा मागे नसते, पुढे असते: सूज, जळजळ, एका बाजूला दुखणं. त्यावर आखूड नाकाची आणि मधे आरपार चीर असलेली सीट मदत करते, विशेषतः वाकून चालवत असाल तर. पण चीर फार रुंद असेल तर तिच्या कडाच रुततात. बोट फिरवून बघा. कड गोलसर आणि मऊ हवी. चीर चालत नसेल तर उथळ खोलगट पन्हाळी असलेली बघा.

सलवार किंवा साडीवर चालवणाऱ्यांसाठी: लांब नाकात कपडा अडकतो, उतरताना तोल जातो. आखूड नाक इथेही बरं. आणि शिवण मधोमध येणारी जाड जीन्स सगळ्यात वाईट. सीट बदलण्याआधी पँट बदला.

बधिरपणा सायकलवरून उतरल्यावर काही मिनिटांत जायला हवा. तासन्‌तास राहिला किंवा परत परत आला तर चालवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. हे पुरुषांनाही लागू आहे, आणि ते लाजून सांगत नाहीत.

ब्रेव्हे २००

लांब अंतराचं गणित वेगळं. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरं करायच्या लांब फेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते; त्यात मऊ सीट सर्वांत आधी दगा देते. इथे कडक, बरोबर रुंदीची सीट आणि पॅड असलेली शॉर्ट. तिच्या आत चड्डी घालायची नाही. शिवणी घासतात आणि ओल धरते. पॅड जाड आणि सीटही मऊ असं दोन्ही नको.

चामड्याच्या सीटबद्दल विचारलं जातंच. ब्रूक्स ही बर्मिंगहॅमची १८६६ पासूनची कंपनी. तिची बी-१७ साधारण १७५ मिलिमीटर रुंद आहे, त्यामुळे हँडल सीटइतकं किंवा त्याहून उंच असेल तरच ती शोभते. चामडं काहीशे किलोमीटरनंतर हाडांखाली खळगे धरतं. पुढच्या ताणाच्या बोल्टला उगाच हात लावू नका. चामडं खरंच झोळ धरू लागलं तरच, तेही पाव फेरा.

आपल्याकडे खरी अडचण जून ते सप्टेंबर. भिजलेल्या चामड्यावर बसून चालवलं की ते कायमचं ताणलं जातं. सावलीत वाळवा, ऊन किंवा हेअर ड्रायर नको. बुरशी आली तर कोरड्या फडक्यानं पुसून वरून आणि खालूनही चामड्याचं मेण लावा. मडगार्ड नसेल तर चाकाचं पाणी खालून भिजवतं, वर कव्हर असलं तरी. एवढं करायचं नसेल तर त्याच कंपनीची रबराची केंबियम किंवा साधी सिंथेटिक सीट घ्या.

तेरा-चौदा पाना

स्प्रिंगवाल्या सीटपोस्टबद्दल, म्हणजे सीटखालच्या स्प्रिंग असलेल्या पाइपबद्दल, विचारणा झाली आहे. खड्ड्यांसाठी काम करतो, सीटची रुंदी चुकली असेल तर नाही. घेण्याआधी रेलपासून फ्रेमपर्यंत किती पाइप बाहेर दिसतो ते मोजा. यंत्रणेलाच साधारण ८ ते १० सेंटिमीटर जागा लागते, कमी उंचीच्या माणसाच्या सायकलवर ती नसते. व्यास जुळत नसेल तर २७.२ चा पोस्ट आणि बरोबर मापाची शिम, म्हणजे मधली नळी. बसल्यावर तो थोडा दबतो, म्हणून उंची बसलेल्या अवस्थेत तपासा.

पाइपवरची किमान खोलीची रेघ फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. रेघ पुसली असेल तर व्यासाच्या अडीच पट आत, म्हणजे २७.२ ला ७ सेंटिमीटर, आणि आडव्या दांड्याच्या जोडाच्या खालपर्यंत तरी. पाइपला ग्रीस लावूनच घाला. ऍल्युमिनियमचा पाइप लोखंडी फ्रेममध्ये कोरडा घातला तर दोन पावसाळ्यांत जाम होतो. कार्बन असेल तर ग्रीस नाही, त्याची वेगळी पेस्ट मिळते.

पुठ्ठा-पट्टी

ट्रेनरवर (घरात एका जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) जास्त का दुखतं, हेही विचारलंय. रस्त्यावर वळणं, खड्डे, चढ यांमुळे माणूस नकळत उठतो. ट्रेनरवर एकाच जागी भार राहतो. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पॅडल मारा आणि पंखा लावा, घामानं त्वचा लवकर सोलटते. पुढचं चाक मागच्याच्या बरोबरीनं उचललेलं नसेल तर तुमची सपाट लावलेली सीट तिथे नाक खाली झालेली असते. ठोकळा ठेवून लेव्हल पुन्हा बघा.

कुरकुर

पॅडल मारताना टकटक येत असेल तर सीटला दोष देण्याआधी उभं राहून चालवा. आवाज थांबला तर रेल आणि क्लॅम्पमधली धूळ. सोडवा, पुसा, बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा, मग क्लॅम्पवर छापलेल्या आकड्याइतकंच (किती जोरानं आवळायचं त्याचा तो आकडा) आवळा. काळ्या सायकलीच्या स्प्रिंगांना मात्र मशीन ऑइलचे दोन थेंब पुरतात. जास्त टाकलं तर पँटला लागतं.