मदत हवी आहे : कॅल्गरीतल्या घराला स्टील सायडिंग, कोणता गेज?

नमस्कार मंडळी, ईशान्य कॅल्गरीत राहणाऱ्यांना ऑगस्ट २०२४ ची गारपीट आठवत असेलच. आमच्या भिंतीवरच्या व्हायनिल (प्लास्टिक) सायडिंगची, म्हणजे बाहेरच्या आवरणाची, तेव्हा पार चाळण झाली. आता स्टील लावायचं म्हणतोय. कंत्राटदार म्हणतो २९ गेज पुरे. गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड, म्हणून २६ गेजचा पत्रा जाड, पण दर ऐकून घाम फुटला, तोही उणे तीसमध्ये! गारांनी स्टील फुटणार नाही, पण पोचे पडतीलच ना? नुसत्या पोच्यांचे पैसे विमेवाले देतात का?

शिवाय सॉफिट, म्हणजे वळचण खालून झाकणारी पट्टी. छिद्रांचं घेतलं की माळ्यात हवा खेळते, छपराच्या कडेला बर्फाचा बांध कमी धरतो. पण वादळात भुरभुरीत बर्फ आत शिरतो का? कापलेल्या कडा गंजल्या का कुणाच्या?

लावून दोन-तीन हिवाळे काढलेल्यांनीच सांगा, दुकानदारांचं ज्ञान भरपूर ऐकून झालंय.