प्रत्येक सोसायटीत सहनिर्मिती संच? उष्णतेचे करायचे काय?

कोथरूडकर:
पुण्यातील प्रत्येक सोसायटीने डिझेल जनित्र काढून पाइप गॅसवर वीज आणि गरम पाणी एकत्र देणारा सहनिर्मिती संच बसवावा, कारण त्याची कार्यक्षमता 85 टक्के असते, असे काल येथे एका सदस्याने ठासून लिहिले. एक घनमीटर गॅसमध्ये साधारण 10 युनिट ऊर्जा असते. छोट्या इंजिनातून त्यातली जेमतेम 3 युनिट वीज मिळते आणि उरलेली पाच-साडेपाच युनिट उष्णता कोणी वापरली, तरच तो आकडा जुळतो. थंड देशांत हिवाळाभर घरे तापवावी लागतात. आपल्याकडे सकाळच्या आंघोळी आटोपल्या की त्या उष्णतेला गिऱ्हाईक नाही.

वायुपुत्र:
गरम पाणी टाकीत साठवता येते, हे आपण सोयीस्करपणे विसरलात. जपानमध्ये 2009 पासून घरगुती इंधनघट संच (गॅस न जाळता रासायनिक क्रियेने वीज आणि उष्णता देणारे) विकले जात आहेत आणि त्यांच्यासोबत गरम पाण्याची टाकी असतेच. तेथे काय उन्हाळा नसतो?

बाणेरवासी:
टाकीचे कौतुक आम्हाला नको. आमच्या गच्चीवर सौर बंब आहे, तरी दुसऱ्या मजल्यावर गरम पाणी पोहोचेपर्यंत दोन बादल्या गार पाणी मोरीत जाते आणि टँकरच्या जड पाण्याने बंबाच्या नळ्यांत क्षाराचे थर बसले आहेत.

माजी सचिव:
दोष बंबाचा नाही, पाइपात गार झालेले पाणी पुन्हा टाकीकडे नेणारी परतीची पाइपलाइन न टाकणाऱ्या बिल्डरचा आहे. उगाच बंबाला नावे ठेवू नका.

बाणेरवासी:
परतीच्या लाइनवर पंप दिवसरात्र फिरवला, तर निम्मी उष्णता वाटेतच जिरते आणि पंपाचे बिल सामाईक मीटरवर येते. वार्षिक सभेत हेच विचारले म्हणून मला विघ्नसंतोषी ठरवण्यात आले. तेथील सचिवही आपल्यासारखेच बोलत होते.

माजी सचिव:
वैयक्तिक शेरे नकोत. उन्हाळ्यात टँकरसाठी पहाटे फाटकाशी उभे राहून पाहा, मग सचिवांवर बोला.

कोथरूडकर:
भांडण बंबाचे नाही, पण बाणेरवासींचा मुद्दा माझ्याच पथ्यावर पडतो: संचाचे गरम पाणीही याच पाइपांतून येणार.

वायुपुत्र:
बरे, आपणच जिंकलात. मग रुग्णालये आणि हॉटेले घ्या. तेथे दिवसभर कपडे धुतले जातात आणि उरलेल्या उष्णतेवर वातानुकूलनासाठी थंड पाणी करणारी शोषण यंत्रे आपल्या पुण्याचीच थरमॅक्स बनवते.

कोथरूडकर:
रुग्णालयांना विरोध केला कोणी? मूळ विधान ‘प्रत्येक सोसायटी’ असे होते. आमचे जनित्र वीज गेल्यावर लिफ्ट आणि पाण्याच्या पंपापुरतेच चालते, तर या संचाचे पैसे वसूल व्हायला तो वर्षाकाठी हजारो तास चालावा लागतो. तेवढे गरम पाणी खपवणारी एक तरी निवासी इमारत माहीत असेल, तर तिचा रोजचा वापर लिटरमध्ये येथे द्यावा.