रोख राखीव प्रमाण: हत्यार की अडगळ?

हिशोबी
ठेवींचा जो हिस्सा बँकेने मध्यवर्ती बँकेकडे राखून ठेवायचा, ते रोख राखीव प्रमाण. ‘प्रमाण १०% असलं की १००च्या ठेवीतून १,००० तयार होतात’ हे पाठ्यपुस्तकी गणित आता सोडा. बँक आधी कर्ज देते, त्याच नोंदीने ठेव जन्मते. राखीव रकमेची जुळवाजुळव नंतर. आणि व्याजदर टिकवायचा तर मध्यवर्ती बँकेला ती पुरवावीच लागते. अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, २६ मार्च २०२०पासून प्रमाण शून्य केलं. बँकांनी आपल्याकडे ठेवलेल्या शिलकेवर व्याज देऊन दर हवा तिथे राहतोय. मग ही अडगळ कशाला?

उलटतपासणी
गणित चुकलं म्हणून हत्यार बोथट होत नाही. बँक ठेवीवर ६% देते आणि राखीव रकमेवर तिला शून्य मिळतं असं धरा. प्रमाण ४% असेल तर १००पैकी ९६च कामाला येतात. निधी पडतो ६.२५%ला. प्रमाण १०% केलं की ६.६७%. धोरण दराला, म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या मुख्य व्याजदराला, हात न लावता कर्ज महाग! परकीय पैसा धो धो येत असताना दर वाढवला तर आणखी येतो. रोखे विकून तरलता, म्हणजे बँकांकडचा मोकळा पैसा, शोषायची तर त्यावर व्याज भरा. चीनने मोठ्या बँकांचं प्रमाण जून २०११मध्ये २१.५%वर नेलं ते उगाच नाही.

हिशोबी
म्हणजे करच की. आणि कर आला की पळवाट आली. अमेरिकेत १९९४नंतर चालू खात्यातली शिल्लक प्रमाण लागू नसलेल्या उपखात्यात सरकवणारी सॉफ्टवेअर पसरली. खातेदाराला पत्ताही नसे, राखीव गरज मात्र आटत गेली.

काठावरचा
सरासरी विसरलात दोघेही. युरोपीय मध्यवर्ती बँकेचं १% प्रमाण रोजच्या रोज नव्हे, काही आठवड्यांच्या सरासरीने पाळायचं असतं. गरज १००, कालावधी ४२ दिवस, म्हणजे बेरीज ४,२०० भरायची. आज बँकाबँकांमधल्या एका रात्रीच्या उसनवारीचा दर चढला? ७० ठेवा, ३० उसने द्या. दर उतरला की एक दिवस १३०. धक्के असे जिरतात. बोंब होते शेवटच्या दिवशी: ढकलत आणलेल्याला मिळेल त्या दराने उचलावं लागतं.

हिशोबी
मान्य, पण तरलता बेताची असेल तरच. गरजेच्या कित्येक पट शिल्लक पडून असेल तर कसली सरासरी!

उलटतपासणी
‘पडून आहे’ हे जपून म्हणा. फेडने ऑगस्ट १९३६ ते मे १९३७ तीन टप्प्यांत याच समजुतीने प्रमाण दुप्पट केलं. बँकांना ती शिल्लक गाठीशी हवीच होती. १९३७च्या मंदीत याचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात.