सिगारेट सोडून अकरा दिवस झाले, आणि आता रात्री तीनला छाती धडधडते. हे कधी थांबतं?

तीनपाळी:

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुका सांभाळून घ्या, बोटं जागेवर नाहीत.

वय ४१, मुक्काम नाशिक, अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तीन पाळ्या. सिगारेट १९ वर्षं, दिवसाला बारा-तेरा, रात्रपाळीला जास्तच. सकाळची पहिली दात घासायच्या आधी.

सोडण्याचं कारण काही थोर नाही. टपरीवर सुटे नव्हते म्हणून "खात्यावर लिही" म्हणालो, तर त्याने वहीच समोर धरली. पंधरवड्याचे ३,१२० रुपये. (सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे म्हणतात. आमच्या टपरीला अजून कळवलेलं दिसत नाही.) आकडा बायकोला सांगितला नाही. त्या रात्री उरलेल्या दोन ओढल्या आणि बंद.

पहिले तीन दिवस वाईट गेले, ते अपेक्षितच होतं. पाचव्या दिवशी वाटलं, जमलं की! पण सातव्यापासून उलटंच सुरू झालं. तलफ तशी कमी आहे, पण धाकधूक वाढलीय. कारण नसताना. रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते, तळहात ओले. परवा घाबरून एका दवाखान्यात गेलो. ईसीजी नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता "ॲसिडिटी" लिहिलं आणि गोळ्या दिल्या. विडी-सिगारेटचं कोणी विचारलंच नाही, मीही बोललो नाही.

कामावरचं सांगतो. डायल बोअर गेज (जॉबच्या भोकाचा, म्हणजे बोअरचा, आतला व्यास मोजायचं काट्याचं साधन) ज्यांनी वापरलाय त्यांना कळेल. तो बोअरमध्ये घालून हळू झुलवायचा असतो. काटा एका बाजूला जातो आणि एका जागेवरून मागे फिरतो, ती जागा म्हणजे माप. एकोणीस वर्षं हेच करतोय. गेल्या आठवड्यात काटा दर वेळी नव्या ठिकाणाहून फिरायला लागला. गेज बदलला, सेटिंग रिंगवर (अचूक मापाच्या कड्यावर) शून्य केला, तरी तेच. गेज ठीक होता, हात हलत होता. चांगले चार जॉब, म्हणजे तयार नग, मी रिजेक्ट मारले. पहिल्या पाळीवाल्याने परत मोजून ओके केले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय भाऊ, चष्मा लागला का?"

निकोटिनचं गम घेतोय, २ मिलिग्रॅमचं, दिवसाला सात-आठ. चावून चावून जबडा दुखतो, उचकी लागते, घशाशी येतं. बाकी हाताला चाळा म्हणून चहा, बडीशेप, लवंग.

बायको काल म्हणाली, "एक ओढा आणि शांत व्हा बाई एकदाचे." ती गमतीत म्हणाली, पण मी खरंच चप्पल घालून जिन्यापर्यंत गेलो होतो.

विचारायचंय ते असं की हे तंबाखू सुटल्याचंच आहे, की माझ्या डोक्यात मुळातच काही होतं आणि सिगारेटने ते एकोणीस वर्षं झाकून ठेवलं होतं?

कटिंग_मारके:

अकरा दिवस! दंडवत घ्या. धाग्याला वाचनखूण लावतोय, मी सोमवारी सोडणार आहे.

तीनपाळी:

कुठल्या सोमवारी ते लिहून ठेवा साहेब. माझे असे चाळीसेक सोमवार गेलेत.

गोळीवाला_सांगली:

माझं औषधाचं दुकान आहे, मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. ईसीजी झाला हे बरं केलंत. एकच प्रश्न. तुम्ही "चहा, बडीशेप, लवंग" असं एका दमात लिहून पुढे गेलात. चहा किती? अंदाज नको, मोजून सांगा.

तीनपाळी:

काल मोजला. घरी दोन, कँटीनचे चार, टपरीवर दोन (आता टपरीवर फक्त चहाच घेतो, ऐटीत), आणि रात्रपाळीला मशीनची कॉफी दोनदा. दहा झाले. आधी पाच-सहा असायचे. सिगारेटच्या सुट्टीत जायचं तर कुठे, म्हणून चहाला जातो.

गोळीवाला_सांगली:

वाटलंच होतं. आता नीट वाचा, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून मला पाठ झालंय.

सिगारेटच्या धुरात जे डांबर असतं, त्यातल्या काही घटकांमुळे लिव्हरचं एक एन्झाइम जोरात चालतं. चहा-कॉफीतलं कॅफीन मोडायचं काम त्याचंच. म्हणजे ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफीन भराभर निघून जातं, आणि त्याला सहा कप पचतात. सिगारेट बंद झाली की चार-आठ दिवसांत ते एन्झाइम मंदावतं. मग तेवढाच चहा घेतला तरी रक्तात कॅफीन जवळजवळ दुप्पट साठू शकतं. तुम्ही वर कपही जवळजवळ दुप्पट केलेत. धडधड, थरथर, ओले तळहात, रात्री तीनची जाग, हे सगळं जास्तीच्या कॅफीननेही होतं आणि निकोटिन सुटल्यानेही होतं. दोन्ही एकत्र आलं की माणसाला वाटतं आपल्या डोक्यालाच काहीतरी झालंय. सातव्या दिवसापासून वाढलं म्हणालात, तो हिशेबही जुळतो. आणि हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे गम घेऊन यात फरक पडत नाही.

चहा एकदम तोडू नका, डोकं धरेल. रोज एक-दोन कप कमी करत तीनवर या. झोपायच्या आधीचे सहा-सात तास अजिबात नको. रात्रपाळीला ती मशीनची कॉफी आधी बंद करा.

आता गम. तुम्ही ते च्युइंगगमसारखं चघळताय, म्हणून उचकी आणि जळजळ. निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून जायला हवं, तुम्ही ते गिळताय. सावकाश पाच-दहा वेळा चावा. तिखटसर चव आली, जीभ चुणचुणली की थांबा आणि गाल-हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चव गेली की परत दोन-चार वेळा चावा, जागा बदला. एक गम अर्धा तास चालला पाहिजे. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. तुमचं बहुधा चहावर गम आणि गमवर चहा चाललंय.

आणखी एक. उठल्या उठल्या पहिली लागणाऱ्याला २ चं कमी पडू शकतं. ४ चं आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही, डॉक्टरांना विचारा. या वेळी सिगारेटचं आपणहून सांगा. दम्याचं थिओफिलिन किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या चालू असतील तर नक्कीच सांगा, सिगारेट सुटली की त्यांचंही प्रमाण असंच वर जातं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दुकानात बसून देता येत नाही. तलफेची चिडचिड आणि धाकधूक बहुतेकांची दोन ते चार आठवड्यांत उतरते. चहा कमी करून, महिना उलटूनही तशीच राहिली तर मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा. त्यात लाजायचं काही नाही.

माणदेशी_माय:

भाऊ, मी सिगारेटवाली नाही, मिश्रीवाली. बावीस वर्षं लावली. सासूबाईंनी लग्नानंतर दात दुखला म्हणून लावायला दिली, आणि मग दात राहिला बाजूला. सकाळी, दुपारी भांडी झाल्यावर, रात्री निजताना. तव्यावर तंबाखू भाजायला घेतला की शेजारणी वासावर यायच्या. सोडून तीन वर्षं झाली.

तुम्हाला दोन गोष्टी कोणी सांगणार नाही म्हणून सांगते. एक, तोंड येतं. मला दुसऱ्या आठवड्यात एवढं तोंड आलं की भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. घाबरून वाटलं, सोडली म्हणूनच काहीतरी झालं. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि म्हणाल्या, सोडल्यावर होतं असं, पण तीन आठवड्यांत नाही गेलं तर परत या. गेलं. दुसरी गोष्ट, पोट साफ होत नाही. मिश्री लावल्याशिवाय मला परसाकडे होतच नव्हतं, बावीस वर्षं! रात्री इसबगोल आणि सकाळी कोमट पाणी, महिनाभर. पोट तटलेलं असलं की जीव नुसता घाबरा होतो, हे पुरुषांना उशिरा कळतं.

तलफ आली की मी भांडी काढायची, स्वच्छ असली तरी. कढई घासून होईपर्यंत तलफ गेलेली असायची. पाच मिनिटं, फार तर दहा. आमच्या घरात त्या वर्षी कढया आरशासारख्या होत्या.

परत_एकदा:

मी चौदा महिने सोडली होती. मावसभावाच्या हळदीत एकाने पेटवून हातात दिली. एकच. चक्कर आली, मळमळलं, म्हटलं बघा, आता आपल्याला चालतच नाही ही. त्या आत्मविश्वासावर आठवड्याने दुसरी ओढली. पुढच्या महिन्यात पाकीट.

तीनपाळी, तुम्ही म्हणता सिगारेटने काहीतरी झाकलं होतं. मीही तेच समजत होतो. दुसऱ्यांदा सोडताना वहीत लिहायला लागलो की नक्की कधी अस्वस्थ वाटतं. शेवटच्या सिगारेटनंतर तासा-दीड तासाने, दर वेळी! निकोटिन दोन तासांत अर्ध्यावर येतं म्हणे. म्हणजे जी घालमेल मी ओढून घालवत होतो, ती आधीच्या सिगारेटने आणलेली असायची. एकीने देणं करायचं आणि दुसरीने व्याज भरायचं. सावकारी.

पाकिटावर सिगारेट सोडायला मदत करणारा तो नंबर छापलेला असतो ना, १८००-११-२३५६, तो मी दहा वर्षं बघून न बघितल्यासारखा केला होता. दिवसा करून बघा. फुकट आहे. फोनवरच्या बाईंनी प्रवचन दिलं नाही. तारीख ठरवून घेतली आणि मग त्यांनीच अधूनमधून फोन केले. मला त्या फोनचीच भीती वाटायची, खोटं कसं बोलणार. आता सात महिने झाले. हळदीला जातो, पण जेवण झालं की लगेच निघतो. नातेवाईक नाराज आहेत.

कटिंग_मारके:

आज सोमवार आहे. काही बोलत नाही.

तीनपाळी:

नऊ दिवसांनी लिहितोय. आज विसावा दिवस.

चहा तीनवर आणला. गोळीवाले म्हणाले तसं सावकाश जायला हवं होतं, मी शहाणपणा करून दहावरून थेट चारवर आलो आणि दोन दिवस डोकं फुटलं. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा सलग पाच तास झोपलो. जाग आली ती गजराने. धडधड अजून कधी कधी होते, पण आता ती आली की मी आधी विचार करतो की शेवटचा कप कधी झाला. गम गालात ठेवायला शिकलो, उचकी बंद. चिठ्ठी आणून ४ चं घेतोय, दिवसाला पाच. डॉक्टर वेगळे गाठले. मायबाई, इसबगोल सुरू केलं. जास्त खोलात जात नाही, पण तुमचे पाय कुठे आहेत?

परवा पहिल्या पाळीला गेज हातात घेतला. एकच जॉब चार वेळा मोजला, काटा चारही वेळा त्याच रेघेवरून फिरला. चष्म्याचं विचारणाऱ्याला मुद्दाम बोलावून दाखवलं. त्याला काही समजलं नाही.

सुटलं असं म्हणणार नाही. सुट्टी झाल्यावर गाडीला किल्ली लावली की डावा हात अजून वरच्या खिशाकडे जातो. तिथे आता लवंगांची डबी आहे. हाताला ते पटत नाही.

काल टपरीवर जाऊन खातं मिटवलं. त्याने पैसे मोजले, वहीत माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "साहेब, काही चुकलं का आमचं? आता दुसरीकडून घेता?"